मुलांच्या टेबलावरचं सायबरपंक

पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊनच बसा.

घरात बारा ते अठरा वयाचं मूल असेल तर 'सायबरपंक' हा शब्द तुमच्या कानावर पडलाच असेल. कुणाचा मुलगा 'सायबरपंक २०७७' हा गेम खेळतो, कुणाची मुलगी नेटफ्लिक्सवर 'एजरनर्स' बघते, कुणाच्या दप्तरात 'न्यूरोमॅन्सर' सापडतं. आपण डोकावतो तर काय दिसतं? सदा रात्र, सदा पाऊस, निऑनच्या पाट्या, हातापायांच्या जागी लोखंड बसवलेली माणसं, गल्लीबोळातले गुंड, आणि नायक म्हणजे चक्क चोर. परवा एका मैत्रिणीचा फोन आला, "अगं, रविवारी मराठी शाळेत रामरक्षा म्हणतो आणि घरी येऊन सर्व्हर फोडतो. मी करू तरी काय?"

तिला फोनवर जे तुटक तुटक सांगितलं ते इथे जरा जुळवून लिहितेय. गेलं वर्षभर लेकीच्या मागोमाग मीही हे सगळं वाचतेय, बघतेय. माझं मत असं झालंय की या गोष्टी यंत्रांबद्दल नाहीतच. त्या मालकीबद्दल आहेत. तुम्ही ज्याच्या जिवावर जगता ते नक्की कुणाच्या नावावर आहे, हा त्यांचा प्रश्न. आणि व्हिसावर चालणाऱ्या घरांना तो जितका पटकन कळतो तितका इतरांना कळत नसावा.

थोडा इतिहास, भराभर. शब्द आला ब्रूस बेथकी या लेखकाच्या १९८३ साली छापून आलेल्या एका कथेच्या नावावरून. पण घराणं उभं केलं विल्यम गिब्सनने. हा मूळचा अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनाचा, व्हिएतनाम युद्धाच्या काळात कॅनडात गेला आणि तिथलाच झाला. म्हणजे आपल्यासारखाच देश सोडलेला. 'सायबरस्पेस' हा शब्द त्याने १९८२ च्या एका कथेत वापरला आणि १९८४ मध्ये त्याची 'न्यूरोमॅन्सर' आली. ती त्याने साध्या, हाताने बडवायच्या टाइपरायटरवर लिहिली होती. ह्यूगो, नेब्युला आणि फिलिप के. डिक हे तिन्ही पुरस्कार त्या एकाच कादंबरीला मिळाले. १९८२ मध्येच रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर' आला होता. त्यातलं लॉस एंजेलिस २०१९ सालचं आहे. ते साल येऊन गेलं, उडत्या गाड्या काही आल्या नाहीत. बरंच झालं, पार्किंगचं काय केलं असतं?

आपल्यापैकी बऱ्याच जणांची विज्ञानकथेशी ओळख झाली ती नारळीकरांमुळे. 'वामन परत न आला' आठवा. तिथली चिंता अशी की माणसाच्या तोडीचं, विचार करणारं यंत्र बनवलं तर ते माणसाच्या मुठीत राहील का? धोका यंत्राकडून. सायबरपंकमध्ये बहुतेक वेळा यंत्र अगदी नीट चालत असतं. फक्त ते तुमचं ऐकत नाही, ज्याचं आहे त्याचं ऐकतं. १९८७ चा 'रोबोकॉप' आपण केबलवर बघितलाय. डेट्रॉइटचे पोलीस एका कंपनीने चालवायला घेतलेले असतात. रोबोकॉपच्या डोक्यात तीन कलमं उघड असतात आणि चौथं लपवलेलं: कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यावर कारवाई करायची नाही. लहानपणी मला त्यात फक्त ढिशुम ढिशुम दिसलं होतं. आता चौथं कलमच दिसतं.

आता 'न्यूरोमॅन्सर'कडे येते, कारण आमच्या घरात खरी चर्चा तिथून सुरू झाली. नायकाचं नाव केस. कंपन्यांच्या संगणकात शिरून माहिती पळवणारा भाडोत्री चोर. एकदा तो आपल्याच मालकांचा माल मारतो आणि सापडतो. ते त्याला जिवे मारत नाहीत. विष देऊन त्याच्या मज्जासंस्थेची अशी नासाडी करतात की पुन्हा कधी सायबरस्पेसमध्ये शिरता येऊ नये. हात शाबूत, कसब शाबूत, धंदा बंद. मग एक नवा मालक उगवतो. तो महागडे उपचार करून केसला बरा करतो आणि त्याच वेळी त्याच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत त्याच विषाच्या बारीक पिशव्या चिकटवून ठेवतो. त्या हळूहळू विरघळत असतात. काम वेळेत केलंस तर काढून टाकू, नाहीतर पुन्हा पहिल्यासारखा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. कंपनीचं नाव घेत नाही, तेव्हा सगळीकडे तेच चाललं होतं. एच-वन-बीवाल्यांना पुढचं पाठ आहे: जास्तीत जास्त साठ दिवस. तेवढ्यात नवी कंपनी अर्ज भरायला तयार झाली तर ठीक, नाहीतर व्हिसाचा प्रकार बदला किंवा सामान बांधा. (हे साठ दिवससुद्धा नियमात आले ते २०१७ मध्ये.) फ्रिजवर आम्ही कॅलेंडर लावलं होतं. लेक तेव्हा तेरा वर्षांची. एका रात्री जेवताना तिने विचारलं, "बाबा, आपल्याला नक्की कोण घालवतंय? कंपनी की सरकार?"

नवरा म्हणाला, "तसं कुणीच घालवत नाहीये गं. कंपनीने फक्त नोकरी काढली. सरकार फक्त नियम पाळतंय."

उत्तर कायद्याने बरोबर होतं. पोरीचं समाधान झालं नाही. माझंही नाही.

पन्नासाव्या दिवसाच्या आसपास दुसरीकडे जमलं, अर्ज गेला, आम्ही राहिलो. नंतर वर्षभराने तिने 'न्यूरोमॅन्सर' वाचायला घेतलं आणि एका रात्री आमच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "आई, त्या पिशव्या बाबाच्या रक्तात पण आहेत ना?"

अतिशयोक्ती आहे, मान्य. आपण स्वखुशीने आलो, पगार चांगला मिळतो, केसला कुणी विचारलं नव्हतं. हे सगळं मी तिला सांगितलंही. पण आम्ही दोघं जे तिला धड समजावू शकलो नव्हतो ते त्या गोष्टीने समजावलं होतं: समोर कुणीच दुष्ट नसताना माणूस अडकतो कसा. आखातातल्या मंडळींना हे आणखी सरळ कळेल, तिथे तर 'कफील' असा शब्दच आहे. ज्याच्या नावावर तुमचा मुक्काम तो कफील. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलायला जुन्या मालकाची परवानगी लागण्याची अट काढली. काढावी लागली म्हणजे तोवर ती होती. आणि आमच्या लेकीचा व्हिसा तर बाबाच्या व्हिसाला लटकलेला. ग्रीन कार्डाची रांग सरकली नाही तर एकविसाव्या वाढदिवसाला तो धागाही तुटतो. तिच्या वर्गातल्या मुलांसाठी एकविसावा म्हणजे मोठी पार्टी. हिच्यासाठी मुदत.

'एजरनर्स' २०२२ चं. त्यातली ग्लोरिया मार्टिनेझ ही एकटी आई, आपत्कालीन वैद्यकीय सेवेत राबणारी. जादा पाळ्या करून मुलाला, डेव्हिडला, 'अरासाका' या महाकंपनीच्या शाळेत शिकवते. फी झेपत नाही, वर्गातली श्रीमंत पोरं त्याला हिणवतात, त्याला शाळा सोडायचीय. पण आईचं एकच स्वप्न: पोरगा एक दिवस अरासाकाच्या टॉवरमध्ये अगदी वरच्या मजल्यावर पोचला पाहिजे. हे ऐकताना मला अंग चोरावंसं वाटलं. शनिवारचे गणिताचे क्लास, रोबोटिक्सची स्पर्धा, उन्हाळ्यातली इंटर्नशिप... आपण वेगळं काय सांगतो?

मग रस्त्यावर टोळ्यांचा गोळीबार होतो, त्यात या मायलेकांच्या गाडीला अपघात. आकाशातून 'ट्रॉमा टीम' नावाची खासगी अ‍ॅम्ब्युलन्स उतरते, सभासद कोण ते तपासते, आणि या दोघांना तिथेच टाकून आपलं गिऱ्हाईक उचलून निघून जाते. ग्लोरिया वाचत नाही.

मुलांना हा प्रसंग भविष्यातला वाटतो. आपल्याला वाटतो का? आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी येणार म्हटलं की आपण रात्र रात्र बसून त्यांचा प्रवासी विमा शोधतो, आणि त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आधीपासूनचे आजार बऱ्याच अंशी वगळून. सासऱ्यांना बीपी, सासूबाईंना शुगर. म्हणजे ज्याची भीती तेच वगळलेलं. एकदा रात्री सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं तर त्या मला नाइन-वन-वनला फोनच करू देईनात. "आधी सांग बिल किती येईल. आपल्याकडे एकशे आठ फिरवलं की गाडी येते, पैसे विचारत नाही." (पित्त होतं. पण ते सकाळी कळलं.)

लेकीला मात्र मी दुसरी बाजूही दाखवली. १९८६ साली अमेरिकेत कायदा झाला की मेडिकेअर घेणाऱ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या माणसाला पैशाची ऐपत न बघता तपासायचं आणि त्याची प्रकृती स्थिर करायची. बिल नंतर येतं, आणि बिल येतंच, पण दारातून परत पाठवता येत नाही. ट्रॉमा टीम आणि आपण यांच्यामध्ये हा एक कागद आहे. तो कुणीतरी भांडून करून घेतलाय. यूकेवाल्यांना एनएचएसमुळे हे सगळं लांबचं वाटेल. व्हिसाबरोबर आरोग्याचा अधिभार भरताना कसं वाटतं ते त्यांनीच सांगावं.

शरीरात बसवलेलं यंत्र कंपनीने वाऱ्यावर सोडलं तर, हाही आता गोष्टीतला प्रश्न राहिलेला नाही. कॅलिफोर्नियातली 'सेकंड साइट' ही कंपनी दृष्टी गेलेल्यांसाठी डोळ्यात बसवायचं 'आर्गस टू' नावाचं यंत्र बनवायची. चष्म्यावर कॅमेरा, आत दृष्टिपटलावर इलेक्ट्रोड. पूर्ण दृष्टी नाही, पण उजेड, कडा, आकार कळायचे. तिची यंत्रं जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांच्या डोळ्यांत बसली. २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं, २०२० मध्ये बहुतेक कर्मचारी काढले. डोळ्यात यंत्र आहे, बिघडलं तर हात लावणारं कुणी नाही. २०२२ मध्ये 'आयईईई स्पेक्ट्रम' या मासिकाने हे सविस्तर छापलं. त्यात कुणी विष दिलं नव्हतं की गोळी घातली नव्हती. धंदा चालला नाही, एवढंच. त्यापुढे पुस्तकाचं उदाहरण किरकोळ आहे, पण मुलांना चटकन कळतं: जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या घोळामुळे लोकांनी विकत घेतलेलं एक पुस्तक त्यांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकलं. पैसे परत केले, नंतर माफीही मागितली. पुस्तक होतं ऑरवेलचं '१९८४'. असा योग कादंबरीत घातला तर संपादक म्हणेल, जरा जास्त होतंय.

'सायबरपंक २०७७'चीही अशीच गंमत. कंपन्यांच्या मुजोरीवरचा हा गेम पोलंडच्या कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आणला आणि जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळला की सोनीने आठवडाभरात आपल्या दुकानातून काढून घेतला. परत आला तो जून २०२१ मध्ये. नंतर दुरुस्त्या करून चांगला केला म्हणतात. मी खेळलेले नाही, मला गाडी वळवता येत नाही.

आता जरा अवघड भाग. हे टॉवर चालवतं कोण? आपणच की. या देशातल्या, त्या देशातल्या मोठ्या कंपन्यांत आपल्यातले कितीतरी जण आहेत, आणि मुलांना ते दिसतं. लेकीने एकदा नवऱ्याला विचारलं, "बाबा, तुझा कोड नक्की काय करतो?" त्याने सांगितलं, विम्याचे दावे माणसाकडे जायच्या आधी मशीन तपासतं, त्यातला एक भाग.

"म्हणजे ट्रॉमा टीमचं सॉफ्टवेअर."

तो हसला, मग गप्प झाला. नंतर त्याने तिला तासभर समजावलं: खोटी बिलं असतात, एकच बिल दोनदा येतं, ते पकडलं नाही तर हप्ता सगळ्यांचाच वाढतो. खरं आहे. तीही ऐकून घेते. पण तिचा पुढचा प्रश्न असतो, "आणि मशीन चुकलं तर त्या माणसाने कुणाला फोन करायचा?" याचं उत्तर त्याने ऑफिसमध्ये विचारलं. तीन जणांनी तीन उत्तरं दिली. घरात जेवताना असा विषय निघणं सुखाचं नसतं. तरी मला तो निघालेला आवडतो. चौदा-पंधराव्या वर्षी आपण वडिलांना त्यांच्या कामाबद्दल काय विचारलं होतं? मी तर काहीच नाही.

राहिला गुन्ह्याचा मुद्दा, मैत्रिणीची खरी काळजी तीच. या गोष्टी वाचून पोरं हॅकर होतात का?

ही भीती एकेकाळी अमेरिकन सरकारलाही वाटली होती. १ मार्च १९९० रोजी सीक्रेट सर्व्हिसने टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात 'स्टीव्ह जॅक्सन गेम्स' या कंपनीवर छापा घातला. कंपनी कसली, फासे टाकून खेळायचे खेळ छापणारी छोटी मंडळी. एका कर्मचाऱ्याचा हॅकर मंडळींशी संबंध होता म्हणून संगणक उचलले, आणि त्याबरोबर 'गर्प्स सायबरपंक' या खेळाच्या पुस्तकाचं हस्तलिखितही. ते म्हणे संगणक-गुन्ह्यांची मार्गदर्शिका! कंपनी बुडता बुडता वाचली, पुस्तक पुन्हा जुळवून त्याच वर्षी छापलं, आणि १९९३ मध्ये कोर्टाने कंपनीला नुकसानभरपाई दिली. तेव्हा पुस्तक बघून छापा घालू नका, एवढं मी मैत्रिणीला सांगितलं.

पण दुसरं एक उदाहरण मी लेकीला मुद्दाम सांगते. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, इंग्लंडमधली रुग्णालयं ठप्प झाली. तो थांबवला डेव्हनमध्ये राहणाऱ्या मार्कस हचिन्स या बावीस वर्षांच्या मुलाने. व्हायरस एका वेबपत्त्याकडे सारखा विचारणा करतोय हे त्याला दिसलं. तो पत्ता कुणाच्याच नावावर नव्हता, त्याने दहा-अकरा डॉलर देऊन नोंदवला आणि व्हायरसचं पसरणं थांबलं. जगाचा हिरो. तीन महिन्यांनी लास वेगासच्या विमानतळावर त्याला अटक झाली, कारण विशीच्या आसपास त्याने बँकखाती लुटणारा 'क्रोनॉस' नावाचा प्रोग्रॅम लिहायला हात लावला होता. त्याने गुन्हा कबूल केला. २०१९ मध्ये न्यायाधीशांनी आणखी तुरुंगवास दिला नाही, पण दोन वर्षं तो घरापासून दूर परक्या देशात खटल्याची वाट बघत होता. हुशारी तीच, बोटं तीच. फरक परवानगीचा.

आमच्या घरात म्हणून एकच नियम आहे: ज्याचं मशीन त्याची लेखी परवानगी, मगच हात लावायचा. शाळेच्या वायफायचा पासवर्ड काढणं ही गंमत नाही. अमेरिकेत १९८६ पासून, ब्रिटनमध्ये १९९० पासून त्यासाठी कायदा आहे, अमिरातीचा सध्याचा कायदा २०२१ चा आणि तो कडक आहे. आणि आपली मुलं नागरिक नसतील तर पोलिसांतली नोंद व्हिसाच्या फाइलपर्यंत जाऊ शकते. वर्गातला गोरा मित्र समज देऊन सुटेल, आपलं पोर सुटेलच असं नाही. हे मुलांना स्पष्ट सांगा, घाबरवायला नाही, माहिती म्हणून. खाज असेल तर कायदेशीर जागा आहेत: कार्नेगी मेलन विद्यापीठाची 'पिकोसीटीएफ' ही शाळकरी मुलांसाठीची स्पर्धा फुकट आहे, ब्रिटनमध्ये पोलिसांचाच 'सायबर चॉइसेस' नावाचा कार्यक्रम आहे. लेक पिकोसीटीएफ करते. रात्री दोनला तिच्या खोलीतून "येस!" ऐकू येतं ते त्यामुळे, असं ती सांगते.

कोणत्या वयाला काय, हे विचारालच. 'सायबरपंक २०७७' अमेरिकेत सतरा आणि युरोपात अठरा वर्षांच्या पुढे आहे, आणि ते उगाच नाही. 'एजरनर्स'मध्ये रक्त आणि नग्नता भरपूर, बारा-तेराच्या मुलाला नकोच. 'न्यूरोमॅन्सर'मध्ये ड्रग्ज आणि शरीरसंबंध आहेत, शिवाय पहिली पन्नास पानं कुणालाच काही कळत नाही. तिथे सोडू नका, पुढे पकडतं. नील स्टीफन्सनची १९९२ ची 'स्नो क्रॅश' सगळ्यांत विनोदी, पिझ्झा पोचवणाऱ्या नायकाचा मालक माफिया असतो. 'मेटाव्हर्स' हा शब्द त्यातलाच, फेसबुकने २०२१ मध्ये आपलं नाव बदललं ते त्याच शब्दाच्या ओढीने. पण त्यातली पंधरा वर्षांची मुलगी ज्या एका प्रसंगात सापडते तो आधी तुम्ही वाचा, मग ठरवा. सुरुवात करायला मी 'रोबोकॉप' सुचवेन, पंधराच्या पुढच्या मुलांबरोबर, शेजारी बसून. हिंसा आहे, पण चौथ्या कलमापाशी थांबवून बोलता येतं.

लेक सध्या स्वतःच एक गोष्ट लिहितेय. निऑन आहे, पाऊस आहे, एक कंपनी आहे. नायिकेचं वय वीस वर्षं अकरा महिने. पुढचं मला अजून वाचायला दिलेलं नाही.